एक टन माल, चालत्या माणसाचा स्पीड : नर्सरीसाठी बॅटरीची मालगाडी बनवायचीय, मोटर केवढी लागेल?

रोपवाला_उरुळी

नमस्कार मंडळी. सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या अलीकडं आमची नर्सरी आहे, साडेतीन एकर, वडिलांनी चालू केलेली. खालच्या तालीत (उतारावरच्या पायरीसारख्या सपाट तुकड्यात) शेडनेट आणि कुंड्या भरायची जागा, वरच्या तालीवर रस्त्याला लागून विक्री आणि गाड्या भरायची जागा. मधली वाट साधारण ३०० मीटर, बरीचशी मुरमाची, थोडा तुकडा काँक्रीटचा, आणि शेवटी वर चढायला एक रॅम्प. वरनं खाली लाल माती, शेणखत, कोकोपीटची पोती येतात आणि खालनं वर भरलेल्या कुंड्या जातात, कधीकधी मुळाच्या मातीसकट मोठे पाम, ते तर चौघांना उचलत नाहीत. म्हणजे दोन्ही बाजूंनी गाडी भरलेलीच. आणि हे सगळं आजवर हातगाडीवर चालू आहे.

मागच्या श्रावणात वडिलांबरोबर २२ वर्षं काम केलेले आमचे काका मातीची गाडी रॅम्पवरनं खाली आणत होते, पाय सटकला आणि गाडी अंगावर आली. डाव्या पायाचं हाड मोडलं, चार महिने घरी बसले. आता परत कामावर येतात पण त्या रॅम्पजवळ आले की थांबतात, मला ते बघवत नाही. हातगाडी बंद करायचीच असं मी घरात सांगून टाकलंय.

तर मला एक हळू चालणारी बॅटरीची गाडी बनवायचीय. एक टन माल, स्पीड ताशी ५-६ किमी पुरे, दिवसाला साधारण १५ फेऱ्या. पुण्यात नाना पेठेत आणि बुधवार पेठेत चौकशी केली तर सगळे ई-रिक्षाचं किट दाखवतात, ४८ व्होल्ट १००० वॅटची मोटर आणि मागचा एक्सल सकट. एक जण म्हणतो आरामात ओढेल, दुसरा म्हणतो ५००० वॅट शिवाय हात लावू नका. मी कॉमर्सवाला, वेल्डिंगवाला गावात चांगला आहे, पण मोटर केवढी घ्यायची ते कुणी नीट सांगेल का?

भोसरी_फॅब्रिकेशन

दादा, काकांचं वाचून वाईट वाटलं. मी एमआयडीसीत २० वर्षं ट्रॉल्या, स्टॅकर (माल उचलून रचायची गाडी), मटेरियल हँडलिंगच्या गाड्या बनवतोय, तर सरळ सांगतो, मोटरचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न थांबायचं कसं. तुमचा अपघात चढताना नाही झाला, उतरताना झाला. हातगाडीवर ४०० किलो असताना पाय मोडला, आता तुम्ही गाडी धरून दीड टन त्याच रॅम्पवर सोडणार आहात.

म्हणून एक्सल घेताना ब्रेक बघून घ्या. ई-रिक्षाचा एक्सल चार माणसांसाठी आहे, त्याच्यावर टनाचा माल आणि वर हळू स्पीडचा टॉर्क (फिरवायचा जोर) टाकला की हाफ शाफ्ट, म्हणजे आतला चाकाकडं जाणारा दांडा, पिळून निघतो, माझ्याकडं असे दोन आलेत दुरुस्तीला. भंगारातला छोटा हत्तीचा (टाटा एस टेम्पोचा) मागचा एक्सल बघा, पाट्याच्या स्प्रिंगांसकट. १२ इंची चाकं, मोठे ड्रम ब्रेक, हँडब्रेकची केबल जागेवर, आणि ती गाडी मुळात पाऊण टन माल घेऊन रस्त्यावर पळण्यासाठी बनवलेली, तुम्ही तर चालत्या माणसाच्या स्पीडनं नेणार.

घेताना ड्रम उघडून बघा, लायनर गेलेले असणारच ते नवीन टाका, व्हील सिलेंडर गळत असतील तर तेही बदला, तिथं पैसे वाचवू नका. आणि एक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पुढचा शाफ्ट किती फेरे घेतो, तो असा काढा, दोन्ही चाकं हवेत उचला, दोघांनी मिळून दोन्ही चाकं एकाच दिशेनं बरोबर एक फेरा फिरवा आणि पुढचा फ्लँज (शाफ्ट जोडायची तबकडी) किती फेरे फिरला ते खडूची खूण करून मोजा. एकच चाक फिरवून दुसरं धरून ठेवलंत तर आकडा निम्मा येतो, तिथं लोक फसतात.

चासीला ७५ बाय ४० चा सी चॅनेल पुरतो, जॉइंटला गसेट (कोपऱ्यातली त्रिकोणी पट्टी) मारा. वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावा, लांब लावला की करंट बेअरिंगमधनं जातो आणि महिन्याभरात बेअरिंग घरघर करायला लागतं. बॅटरी आणि कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) जोडलेले असताना वेल्डिंग करायचंच नाही.

तीन चाकी करू नका. पुढचं एक चाक पावसात चिखलात रुततं आणि वळताना उंच माल कलंडतो.

टोमॅटो_नारायणगाव

भाऊ मी हे करून बसलोय म्हणून लिहितोय. आमच्याकडं टोमॅटोचे क्रेट बांधावरनं रस्त्यापर्यंत आणायचे असतात, २० किलोचा एक, एका वेळी ४० क्रेट. मी तेच १००० वॅटचं किट बसवलं. सपाटीवर छान पळायची, पोरं खूश. पण ओढ्याच्या चढावर भरलेली गाडी मधेच थांबली की परत सुटायची नाही, मोटर नुसती हूं करायची, मी थ्रॉटल धरून ठेवायचो, आणि तिसऱ्या दिवशी कंट्रोलरमधनं जळका वास आला. नंतर एका मेकॅनिकनं समजावलं की मोटर जागेवर अडकली की सगळा करंट कंट्रोलरमधल्या त्याच त्याच मॉस्फेटमधनं (करंट चालू-बंद करणाऱ्या भागातनं) जात राहतो, फिरत असती तर आळीपाळीनं वाटला गेला असता. म्हणजे चुकीचा भाग नव्हता, मी चुकीच्या कामाला लावला होता.

पण खरी भीती वाटली ती पुढं. कंट्रोलर बदलला, त्यात इलेक्ट्रॉनिक ब्रेकिंग होतं, थ्रॉटल सोडला की गाडी आपोआप अडायची, मी त्याच्यावरच विसंबलो आणि पायाच्या ब्रेकची केबल ढिली झालेली तशीच ठेवली. एके दिवशी रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी फुल बॅटरीनं गाडी काढली, घर वरच्या अंगाला आहे, उताराला लागलो आणि तो ब्रेक लागेचना. झालं असं की उतरताना मोटर जी वीज परत पाठवते ती घ्यायला भरलेल्या लिथियम बॅटरीत जागाच नव्हती, बीएमएसनं (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटनं) चार्जिंगची वाट बंद केली, त्याबरोबर ब्रेकिंगही गेलं. गाडी बांधाला घातली म्हणून वाचलो, क्रेट रिकामे होते.

तेव्हा भोसरीवाले म्हणतात ते लिहून ठेवा. विजेचा ब्रेक हा मदतनीस, खरा ब्रेक लोखंडाचा.

रोपवाला_उरुळी

दोघांनाही मनापासून धन्यवाद. हे वाचून किट घ्यायचा विचार सोडला. रॅम्प किती उभा आहे ते कसं मोजू? मोबाइलमधलं अॅप प्रत्येक वेळी वेगळा आकडा दाखवतंय. आणि मुरमावर ओढायला किती जोर लागतो हे आधीच कळेल असं काही आहे का?

मोजून_बघा

मोबाइल ठेवून द्या, गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी आणा. एक टोक रॅम्पच्या वर, एक खाली, नळीतल्या पाण्याची पातळी दोन्हीकडं सारखी असते, त्या पाण्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर दोन्हीकडं मोजा, खालच्यातनं वरचं वजा केलं की उंची मिळाली. मग टेपनं रॅम्पची लांबी. उंची भागिले लांबी, झाला तुमचा चढ.

ओढायच्या जोरासाठी भंगारवाल्याकडं हुकाचा लटकवायचा वजनकाटा असतो तो तासाभरासाठी मागून घ्या. हातगाडी भरा, वजन माहीत असू द्या, पुढं दोरी बांधा, दोरीत काटा अडकवा आणि सपाट जागेवर एका संथ चालीत ओढा. सुटताना दिसतो तो आकडा सोडून द्या, चालत असताना स्थिर होतो तो लिहा. काँक्रीटवर, मुरमावर आणि मुद्दाम पाणी मारून केलेल्या चिखलावर, तिन्हीकडं. टायरमधे हवा नेहमी असते तेवढीच ठेवा. हे तीन आकडे आणा, मग मोटरचं बोलू. मी ३४ वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांना मशीन डिझाइन शिकवलं, त्यांनाही हेच सांगायचो, पुस्तकातला घर्षणाचा आकडा तुमच्या मुरमाला माहीत नसतो.

रोपवाला_उरुळी

सर, आज दुपारी मोजलं. गाडी आणि ८ पोती धरून ५०० किलो. काँक्रीटवर ११ किलो, कोरड्या मुरमावर २१, चिखलात ४७! रॅम्प २३ मीटर लांब, उंची २.९ मीटर. काका खुर्ची टाकून बसले होते, आकडे तेच लिहून घेत होते.

मोजून_बघा

फार चांगलं केलंत. आता बघा यातनं सगळं निघतं.

गाडी, बॅटरी, ड्रायव्हर मिळून ५०० किलो आणि माल १०००, असं दीड टन धरू. तुमचा मुरूम वजनाच्या साधारण ४.२ टक्के जोर मागतो, म्हणजे सपाटीला ६३ किलोचा ओढा. रॅम्पवर त्यात चढाचे १८९ किलो मिळवा (१५०० गुणिले २.९ भागिले २३). एकूण २५२ किलो, न्यूटनमधे सुमारे २४७०. हा आकडा दारावर लिहून ठेवा, तुमची गाडी ह्या आकड्याभोवती बांधायची आहे.

आता दिवे घाट आठवा. माउलींचा रथ घाटाला लागला की जादा बैलजोड्या जुंपतात, कारण बैल जोर वाढवू शकत नाही, म्हणून बैल वाढवायचे. तुमच्याकडं एकच मोटर आहे, तिला जोड्या वाढवता येत नाहीत, पण तिचा स्पीड विकून जोर विकत घेता येतो आणि हा सौदा गिअर करतो. ई-रिक्षाची मोटर ३००० आरपीएमला फिरते आणि मागं साधारण १:१० चा रेशो असतो, कारण ती गाडी ताशी २५ किमीला पळायला बनवलीय. १००० वॅट ३००० आरपीएम म्हणजे मोटरच्या शाफ्टला फिरवायचा जोर फक्त ३.२ न्यूटन-मीटर, दहापट केले तर चाकाला ३२. तुम्हाला छोटा हत्तीच्या चाकावर, त्रिज्या २६ सेंटिमीटर धरली तर, २४७० गुणिले ०.२६ म्हणजे ६४२ न्यूटन-मीटर लागणार. ३२ कुठं आणि ६४२ कुठं. नारायणगावच्या भाऊंची मोटर का अडकली ते इथं दिसतं, आणि पाच हजार वॅटची मोटर त्याच १:१० वर टाकली असती तरी तिलाही हे चारपट ताणून ओढावं लागलं असतं.

आता उलटं करू. ताशी ६ किमीला हे चाक मिनिटाला सुमारे ६१ फेरे फिरतं. मोटर ३००० ला, म्हणजे एकूण रेशो हवा जवळजवळ ४९. समजा तुमच्या एक्सलचा रेशो ५ च्या आसपास आला तर मोटर आणि एक्सलच्या मधे १:१० चा हेलिकल (तिरक्या दात्यांचा) गिअरबॉक्स बसवा. मग रॅम्पवर मोटरला लागतात गिअरमधला लॉस धरून १५ न्यूटन-मीटर. ३ किलोवॅटची मोटर सलग साडेनऊ देते, थोड्या वेळासाठी दुप्पट आरामात देते, आणि तुमचा २३ मीटरचा रॅम्प ताशी ४ किमीनं चढायला २१ सेकंद लागतात. २१ सेकंदात मोटर तापत नाही. रॅम्पच्या मधेच थांबून परत सुटायचं झालं तरी २० न्यूटन-मीटरपर्यंत जाईल, तेही बसतं. तेव्हा ३ किलोवॅट, कंट्रोलरचा करंट लिमिट १०० अँप. रॅम्पवर बॅटरीतनं साडेतीन किलोवॅट म्हणजे ७० अँप जातील, सपाटीला २५ च्या आसपास.

वर्म (स्क्रूसारख्या गिअरचा) गिअरबॉक्स घ्या म्हणून कुणीतरी सांगेल, तो उलटा फिरत नाही म्हणून ब्रेकची गरज नाही असंही सांगेल. मोठ्या रेशोला तो उलटा फिरत नाही हे खरं, पण धक्के बसले की हळूहळू सरकू शकतो, आणि निम्मी वीज उष्णतेत घालवतो. नको.

बॅटरीचं. एक फेरी जाऊन-येऊन ६०० मीटर, दोन्हीकडं भरलेली, चाकाला १०३ वॅट-तास, चढाचे १२, लॉस धरून बॅटरीतनं दीडशेच्या जवळ. १५ फेऱ्यांचे २.२ युनिट. चिखलाच्या दिवसात दुप्पट धरा, ४.४. तर १६ सेलची एलएफपी (लिथियमचाच एक प्रकार), ५१.२ व्होल्ट १०५ अँप-अवर, म्हणजे ५.४ युनिटची बॅटरी पावसाळ्यातही दिवस काढते, जेवणाच्या सुट्टीत थोडी चार्जिंगला लावलीत तर निवांत. सेलचं वजन ३०-३५ किलो. लेड-अॅसिडनं हेच काम करायचं तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून दुपटीची घ्यावी लागते, आणि वजन तीनशेच्या घरात जातं. वजन चालेल म्हणाल, पण ते वजन दिवसातनं ३० वेळा रॅम्पवरनं वरखाली करायचंय.

चढाच्या त्या १२ वॅट-तासांकडं बघा. उतरताना परत मिळून मिळून एवढेच मिळणार, १२ वॅटचा एक बल्ब तासभर. तेवढ्यासाठी विजेच्या ब्रेकवर भिस्त ठेवायची नाही, भाऊंचा अनुभव समोर आहे.

शेवटचं, पावसाचं. २५२ किलोचा ओढा मागच्या चाकांनी जमिनीतनं घ्यायचा. मागच्या एक्सलवर ९०० किलो असतील तर पकड (ओढा भागिले त्या चाकांवरचं वजन) ०.२८ लागते, ओल्या लाल मातीवर तेवढी भरवशाची नाही. मोटर मोठी करून चाक जागेवर फिरेल, गाडी चढणार नाही. रॅम्पवर काँक्रीट करा आणि ओलं असतानाच आडव्या खाचा मारा, दोन्ही कामं एकदम होतात, पकडही वाढते आणि तुमच्याच मोजणीप्रमाणं चढाचा सोडून बाकीचा ओढाही मुरमाच्या निम्मा होतो.

अंजिरवाली_ताई

सर्वांना नमस्कार. आमचा पुरंदरला बचत गट आहे, अंजीर आणि सीताफळाचं पॅकिंग करतो, मालासाठी बॅटरीची तयार गाडी घेतली होती. आकडे तुम्ही सगळे जास्त जाणता, मला वापरणाऱ्यांच्या बाजूनं सांगायचंय, कारण नर्सरीत कुंड्या भरणाऱ्या आणि लादणाऱ्या बहुतेक बायकाच असतात.

आमच्या गाडीचा हौदा जमिनीपासून जवळजवळ तीन फूट होता. माणूस ओढण्यातनं सुटला पण प्रत्येक क्रेट छातीपर्यंत उचलायचा, दिवसाला दोनशे वेळा. महिन्याभरात आमच्या दोघींची कंबर धरली. मग गाडी वेल्डिंगवाल्याकडं नेऊन मधला भाग खाली घेतला, आता दीड फुटावर आहे, मागनं आणि दोन्ही बाजूंनी फळ्या पूर्ण खाली पडतात. गुडघ्याच्या उंचीवर पोतं सरकवता येतं, उचलावं लागत नाही. तुमच्याकडं एक्सल उंच आहे म्हणून हौदा उंच करू नका दादा, एक्सलच्या पुढं चासी खाली वाकवून घ्या आणि जड पोती तिथं ठेवा.

दुसरं, थ्रॉटल. आधी आमचा स्कूटरसारखा मुठीचा होता, खड्ड्यात हात हलला की गाडी झटका मारायची, एकदा मागं उभी असलेली मुलगी गाडीत सापडता सापडता वाचली. आता अंगठ्यानं दाबायचा आहे, सोडला की बंद, आणि कंट्रोलरमधे स्टार्ट इतका मऊ करून घेतला की पहिल्या दोन सेकंदात गाडी जेमतेम हलते. रिव्हर्सला बीपर लावलाच पाहिजे. आणि लाल बटण, हाताला कुठूनही लागेल असं, गाडीच्या मागच्या बाजूलाही एक, कारण धोक्यात नेहमी मागचा माणूस असतो, चालवणारा नाही.

गाडी कोण चालवणार हे आत्ताच ठरवा आणि तिला किंवा त्याला पहिल्या दिवसापासून बनवताना बोलवा. आमच्याकडं हे केलं नव्हतं.

कोथरूड_आरटीओ_प्रश्न

एक विचारतो, दोन्ही तालींच्या मधली वाट पूर्ण तुमच्या मालकीची आहे का? का मधे पाणंद येते? कारण पाणंद सार्वजनिक वाट, आणि सार्वजनिक वाटेवर आली की गाडी कायद्यात आली. मोटार वाहनांच्या २०१४ च्या नियमात ई-कार्टला (बॅटरीच्या मालवाहू गाडीला) माल ३१० किलोपर्यंत, मोटर २००० वॅटपर्यंत आणि स्पीड २५ किमीपर्यंत असं आलं, पुढं २०१५ च्या दुरुस्तीत कायद्यातली व्याख्या ४००० वॅटपर्यंतची तीनचाकी अशी आहे. तुमची चारचाकी एक टनवाली ह्यात कुठंच बसत नाही. आणि रजिस्ट्रेशनसाठी एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडनं मॉडेल पास करून घ्यावं लागतं, दोन्ही पुण्यातच आहेत पण एका घरगुती गाडीसाठी तो खर्च परवडणारा नाही. स्वतःच्या कुंपणाच्या आत वापरा, आणि कामगारांचा विमा त्यातही काढाच.

रोपवाला_उरुळी

बरं झालं विचारलंत, वाटेत ६० मीटर पाणंद येते खरी. वडिलांशी बोललो, आमच्याच दोन गट नंबरच्या जमिनींच्या मधलं तारेचं कुंपण आहे ते १० फूट काढून तिथनं वाट नेली तर पाणंदीला टेकायचंच नाही, उलट ४० मीटर वाचतात. ती वाट काल जेसीबीनं साफ करून घेतली, मुरूम टाकायचा राहिलाय.

ताई, तुमचं वाचून घरी आईला दाखवलं. ती म्हणाली दीड फूटच. गाडी चालवणार आमच्याकडच्या मावशी, त्या शेडनेटचं सगळं बघतात, त्यांना कालपासून बोलावलंय.

भोसरी_फॅब्रिकेशन

मावशींना सीटवर बसवून मग पेडल आणि लिव्हरची जागा ठरवा, आधी नाही. पाय पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, सरळ झाला तर जोर लागत नाही.

मोटरच्या मागच्या टोकाला स्प्रिंगचा इलेक्ट्रिक ब्रेक मिळतो तो मागून घ्या, करंट चालू असताना सुटलेला राहतो आणि करंट गेला की स्प्रिंगनं आपोआप लागतो, स्टॅकरला आम्ही तोच लावतो. रेशो ४९ असल्यानं मोटरच्या टोकाला छोटा ब्रेक पुरतो. पण मधला गिअर किंवा शाफ्ट तुटला तर त्याचा उपयोग शून्य, म्हणून चाकावरचे ड्रम वेगळे आणि हँडब्रेक वेगळा, तिन्ही पाहिजेत. बॅटरीच्या प्लसला एक फूट अंतराच्या आत १२५ अँपचा डीसी फ्यूज, केबल २५ स्क्वेअर एमएम, लग (केबलच्या टोकाचा धातूचा कान) हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबून घ्या. हातोडीनं ठोकलेला लग बाहेरनं चांगला दिसतो आणि आतनं तापतो. मोटरच्या हॉल सेन्सरचं (मोटर किती फिरली ते कंट्रोलरला कळवणाऱ्या भागाचं) कनेक्टर खाली तोंड करून बसवा, तुमच्याकडं दिवसभर पाणी मारणार.

टोमॅटो_नारायणगाव

आणि भाऊ ब्रेकची टेस्ट मोटर बसवायच्या आधी करा. नुसती चासी, एक्सल, ब्रेक, त्याच्यावर पूर्ण वजन, ट्रॅक्टरनं रॅम्पवर न्या आणि हँडब्रेकवर सोडा, चाकामागं दगड ठेवून, खाली कुणाला उभं करू नका.

रोपवाला_उरुळी

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. एक्सल मिळाला, नाना पेठेतनं लायनर आणि सिलेंडर नवीन आणले. खडूनं मोजलं तर फ्लँजचे पाच फेरे आणि वर थोडं, म्हणजे सरांचा १:१० चा गिअरबॉक्सच ऑर्डर केला. रॅम्पचं काँक्रीट झालं, खाचा मारताना काका स्वतः फळी धरून बसले होते, हाताच्या दोन बोटांएवढं अंतर, पाणी वाहून जाईल अशा थोड्या तिरक्या. मोटर अजून यायचीय.

काल ब्रेकची टेस्ट केली. चासीवर मातीची २८ पोती म्हणजे १४०० किलो, ट्रॅक्टरनं रॅम्पच्या मधोमध नेली, हँडब्रेक ओढला, चाकांपासून वीतभर खाली मोठे दगड ठेवले आणि दोरी सोडली. हलली नाही. काका बाजूला उभे होते, ते पुढं आले आणि टायरशेजारी काँक्रीटवर खडूनं रेघ मारली, म्हणाले सकाळी बघू. रात्री दोनदा टॉर्च घेऊन बघून आलो.

सकाळी टायर रेघेच्या दोन बोटं खाली होता. भोसरीच्या दादांना फोटो पाठवला, ते म्हणाले हँडब्रेकची जुनी केबल ताणली गेलीय, केबल काढून टाका आणि दोन्ही बाजूंना १० एमएमचा रॉड टर्नबकलनं (फिरवून ताण कमी-जास्त करायच्या जोडानं) बसवा, रॉड ताणत नाही. दुपारपर्यंत वेल्डिंगवाल्यानं बसवून दिला. आता परत पोती चढवतोय, काकांनी नवीन रेघ मारलीय.